मियाटाचा मागचा ड्राइव्हशाफ्ट बदलण्याआधी एवढं बघ

मित्रा, तुझ्या मियाटाच्या (माझदाची छोटी स्पोर्ट्स कार) मागून आवाज येतोय म्हणून लगेच शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, ऑर्डर करू नकोस, आधी गाडीखाली टॉर्च घेऊन जा. शाफ्टच्या जॉइंटवरचा रबरी बूट, म्हणजे आत ग्रीस धरून ठेवणारं आवरण, फाटला असेल तर रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसेल, बोटाला चोळून बघ, कचकच लागली म्हणजे आत माती गेली आणि जॉइंट गेलाच समज. सलग घूं घूं येतंय नि वळणावर कमीजास्त होतंय तर ते बहुतेक चाकाचं बेअरिंग, टकटक आवाज मात्र जॉइंटचा.

मियाटा रिअर व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे मागचा हब नट (चाकाच्या मधोमध शाफ्टच्या टोकावरचा मोठा नट) भयंकर टाइट असतो, तो गाडी जमिनीवर असतानाच हँडब्रेक लावून सैल कर, त्याआधी खाचेत ठोकलेली नटाची कड छिन्नीने उचल. मग गाडी उचलून खाली जॅक स्टँड लाव, नुसत्या जॅकवर खाली शिरू नकोस, हे हात जोडून सांगतो. शाफ्ट हबमधून निघत नसेल तर नट टोकाशी सपाट येईल इतका फिरव आणि मग ठोक, नाहीतर आटे जातात. डिफरन्शियलकडून (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) काढताना तेल सांडू शकतं, खाली ट्रे ठेव, तिथलं तेल अडवणारं सील तेव्हाच बदल, नट नवाच वापर आणि टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना) आवळ.