कॉलेजात सरांशी बोलल्यानं अभ्यासात खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय, की दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलात, आता बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहात, वर्गात विचारायची हिंमत होत नाही. आणि यूट्यूबवर सगळं असताना सरांशी बोलून वेगळं काय मिळणार? मी परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. फरक पडतो, मोठा पडतो. पण तो कुठल्याही बोलण्यानं पडत नाही.

व्हिडिओ कितीही चांगला असला तरी तुमच्या डोक्यात काय चुकीचं बसलंय हे त्याला दिसत नाही. न्यूटनचा तिसरा नियम घ्या. व्याख्या सगळ्यांना पाठ असते, पेपरात पूर्ण मार्क मिळतात. मग मी विचारतो, टेबलावर पुस्तक ठेवलंय, त्याच्या वजनाची प्रतिक्रिया कोणती? जवळजवळ सगळा वर्ग म्हणतो, टेबलानं वर दिलेला जोर. हे चूक आहे. ते दोन्ही बल एकाच पुस्तकावर लागतात. क्रिया आणि प्रतिक्रिया नेहमी वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. पृथ्वी पुस्तकाला ओढते, तर तिची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला ओढतं ती. ही गफलत ना व्हिडिओ पाहून उघडी पडते, ना फळ्यावरचं वहीत उतरवून. कुणीतरी विचारावं लागतं, तुम्हाला तोंड उघडावं लागतं, आणि 'तसं का वाटतं?' हा पुढचा प्रश्न यावा लागतो.

म्हणून 'समजलं का?' या प्रश्नाला मी काडीची किंमत देत नाही. 'हो सर' असा एकसुरात आवाज येतो आणि तास पुढे जातो. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधिकेनं १९७० च्या दशकात शाळेतल्या विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंदांच्या वर थांबले, तर मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणं कमी झालं, मागं पडलेली मुलंही बोलू लागली. आपल्याकडे पोराला मनातली मराठी इंग्रजीत जुळवायला आणखी वेळ लागतो. त्यामुळे मी वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगतो, की प्रश्न घरी बोलता त्या बोलीत विचारा. पारिभाषिक शब्द नंतर आपण मिळून लावू.

शंभर पोरांच्या वर्गात एकेकाशी कसं बोलणार, असं आमचे सहकारी म्हणतात. त्यांची अडचण खोटी नाही. पण हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी १९९१ पासून मोठ्या वर्गातच रस्ता काढला. संकल्पनेवर एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं आपलं उत्तर नक्की करायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं, आणि पुन्हा उत्तर द्यायचं. याला महागडं यंत्र लागत नाही. अ, ब, क लिहिलेल्या चिठ्ठ्या पुरतात. वर्गात गलका होतो, प्राचार्य डोकावून जातात. होऊ द्यावा.

आता एक गोष्ट शिक्षकांना आवडणार नाही. सर हसून बोलतात, नावानं हाक मारतात, त्यानं मुलं वर्गात टिकतात, विषयाची भीती जाते. पण या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा २००४ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा अशा आपुलकीमुळे 'आपण खूप शिकलो' असं वाटणं बरंच वाढलेलं दिसलं, प्रत्यक्ष चाचणीतलं शिकणं मात्र त्यामानानं कमी. मला यात नवल वाटत नाही. आपुलकीनं दार उघडतं, पण आत जाऊन वहीतली नेमकी चुकलेली ओळ दाखवावीच लागते. आणि 'तुला हे झेपायचं नाही' असं माणसावर घसरणारं बोलणं तर नुकसानच करतं. चुकीबद्दल बोलावं, पोराबद्दल नाही.

भीती कशाची असते हे मला ठाऊक आहे. इंटर्नलचे मार्क सरांच्या हातात असतात. या बाबतीत आपल्या मराठवाड्यातच फार मोठा दाखला आहे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत कॉलेज काढलं, त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा ग्रीक राजा, नागसेन हे उत्तर देणारे भिक्खू. या दोघांच्या संवादाच्या 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात चर्चेआधी नागसेन अट घालतात, की पंडितांसारखं बोलणार असशील तर बोलू, राजासारखं असेल तर नाही. पंडिताची चूक दाखवली तरी तो रागावत नाही. राजा विरोध करणाऱ्याला शिक्षा देतो. आमच्या वर्गात राजाची जागा शिक्षकाकडे आहे, म्हणून ती अट आम्हीच आधी पाळायला हवी. ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येतं, तिथं सूचना पोचतात, प्रश्न पोचत नाहीत.

तुमच्यापुरतं सांगायचं, तर 'सर, चॅप्टर कळला नाही' असं म्हणू नका. त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. गणित स्वतः सोडवा, अडलात त्या ओळीवर खूण करा आणि वही घेऊन जा: 'इथपर्यंत आलं, ही पायरी का आली ते कळेना.' सगळ्यांपुढे नको वाटत असेल तर प्रॅक्टिकलची वेळ गाठा; बॅच लहान असते आणि सर टेबलापाशी येतातच. एकटं जायला नको वाटत असेल तर दोघं-तिघं मिळून जा. तुमचे सर तासिका तत्त्वावर असतील तर तास संपताच त्यांना दुसरं कॉलेज गाठायचं असतं, बसही असते. त्यांचं तुटक बोलणं तुमच्यावरचा राग समजू नका; कधी भेटू, हे आधीच विचारून ठेवा. ऊसतोडीमुळे किंवा रानातल्या कामामुळे तास बुडणार असतील तर जायच्या आधी सांगा, म्हणजे मागचं भरून काढता येतं. आणि एका सरांनी झिडकारलं तर त्याच विषयाच्या दुसऱ्या मॅडमकडे किंवा तिसऱ्या वर्षाच्या ताईकडे तीच वही, तीच खूण केलेली ओळ घेऊन जा.