पाळी थांबून वर्ष झालं, मॅमोग्राफीच्या (स्तनांच्या एक्स-रेच्या) रिपोर्टमध्ये ‘डेन्स, कॅटेगरी सी’ आलंय. म्हणजे कॅन्सरचा धोका आहे का?

धोका थोडा वाढतो, पण ‘सी’ म्हणजे आजार नव्हे. मॅमोग्राफी करून घेणाऱ्या बायकांपैकी साधारण 40 टक्के याच गटात येतात. स्तन किती ‘डेन्स’ म्हणजे दाट आहेत, याच्या ए ते डी अशा चार पायऱ्या असतात. ए म्हणजे जवळपास सगळी चरबी, डी म्हणजे अतिशय दाट. डी आणि ए या दोन टोकांची तुलना केली की धोका चौपट वगैरे दिसतो, आणि तोच आकडा वाचून लोक घाबरतात. सरासरी बाईच्या तुलनेत सी गटाचा धोका किंचितच जास्त असतो.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी अडचण. फिल्मवर चरबी काळी दिसते, दाट ऊती पांढरी आणि गाठही पांढरीच. त्यामुळे लहान गाठ लपू शकते. म्हणून डॉक्टरांना सोनोग्राफी जोडीला करायची का, हे जरूर विचारा. डी गटासाठी एमआरआयचाही उपयोग होतो: नेदरलँड्समधल्या 2019 च्या ‘डेन्स’ चाचणीत ज्यांना एमआरआय देऊ केला, त्यांच्यात दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उघडकीस येणारे कॅन्सर हजारी 5 वरून 2.5 वर आले. मात्र जादा तपासण्यांत निरुपद्रवी गाठींच्याही बायॉप्सी होतात, हे धरून चाला.

पाळी गेल्यावर दाटपणा बहुधा हळूहळू उतरतो. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या एकत्रित गोळ्या चालू असतील तर तो टिकतो किंवा वाढतो, तेव्हा त्या घेत असाल तर आधी सांगा. आई-बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर मात्र हे सगळं गणित बदलतं. आणि स्तनात गाठ हाताला लागली, तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी लगेच दाखवा.