मूळव्याधीची शस्त्रक्रिया : विम्यातून किती, खिशातून किती?

प्रश्न : आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. माझ्या ५४ वर्षांच्या वडिलांना पाच-सहा वर्षांपासून शौचाच्या वेळी अधूनमधून रक्त पडते. मात्र संकोचामुळे त्यांनी आजवर घरगुती उपायांवरच भागवले. गेल्या महिन्यात प्रथमच सांगलीतील एका सर्जनना दाखवले, तेव्हा मूळव्याध तिसऱ्या ग्रेडची असून स्टेपलरने ऑपरेशन करावे लागेल व साधारण ७० हजार रुपये लागतील, असे त्यांनी सांगितले. दोन लाखांचा मेडिक्लेम २० महिन्यांपूर्वी घेतला आहे. आम्हाला पदरचे किती भरावे लागतील? फळछाटणीपूर्वी ऑपरेशन उरकून घ्यावे का? — एक वाचक, जि. सांगली

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा आकडा ७० हजार हा नसून २० महिने हा आहे. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये मूळव्याध, भगंदर आणि फिशर यांच्यासाठी पहिल्या २४ महिन्यांची प्रतीक्षा मुदत असते व त्या मुदतीत केलेल्या उपचाराचा खर्च कंपनी देत नाही. आपल्या पॉलिसीतही हीच अट असेल, तर आज ऑपरेशन केल्यास सगळे ७० हजार आपल्यालाच भरावे लागतील. चार महिन्यांनी केल्यास दावा विचारात घेतला जाईल. अर्थात या काळात पॉलिसीचे नूतनीकरण खंड न पडता झालेले असले पाहिजे.

येथे दुसरी अडचण डोके वर काढते. विमा घेण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी ज्या आजाराचे निदान केले असेल किंवा ज्यावर उपचार सुचवले असतील, तो आजार ‘पूर्वीपासूनचा’ धरला जातो आणि त्यासाठीची प्रतीक्षा ३६ महिन्यांपर्यंत असू शकते. दोन्ही मुदती लागू होत असतील, तर मोठी मुदत धरतात. वडील या आजारासाठी खरोखरच कधी डॉक्टरांकडे गेले नसतील, तर ही व्याख्या आपल्या बाजूची आहे. मात्र अर्जात लक्षणांविषयी प्रश्न विचारला होता का आणि त्याला काय उत्तर दिले, ते पॉलिसीसोबतच्या प्रतीत आधी पाहावे. रुग्णालयात केसपेपरवर लिहिले जाणारे ‘इतके वर्षांपासून त्रास’ हे वाक्य विमा कंपनीचा माणूस सर्वप्रथम वाचतो. तेथे खरे तेच सांगावे, पण पुरते सांगावे : रक्त केव्हापासून पडते आणि डॉक्टरांना पहिल्यांदा केव्हा दाखवले, या दोन तारखा वेगळ्या आहेत व त्या वेगळ्याच लिहिल्या गेल्या पाहिजेत. तारीख मागेपुढे करून देतो, असे कोणी सुचवले, तर त्या वाटेला जाऊ नये. दावा तर बुडतोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते.

मात्र चार महिने थांबता येईल का, हे विम्याने नव्हे, तर तपासणीने ठरवायचे आहे. आपल्याकडे गुदद्वारातून रक्त पडले की त्याला सरसकट मूळव्याध म्हणतात. परंतु वडिलांच्या वयात आतड्याचा कर्करोग नाही याची खात्री करण्यासाठी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) केली आहे का, हे सर्जनना अवश्य विचारावे. हिमोग्लोबिनही पाहावे. ते घसरलेले असेल किंवा रक्तस्राव वाढत असेल, तर विम्याच्या तारखेची वाट पाहणे धोक्याचे आहे. तसे नसेल, तर तिसऱ्या ग्रेडमध्ये, म्हणजे शौचाच्या वेळी बाहेर आलेले कोंब बोटाने आत ढकलावे लागतात त्या अवस्थेत, ऑपरेशन सहसा तातडीचे नसते. रोज इसबगोल, भरपूर पाणी, कोमट पाण्याच्या टबात बसणे आणि कुंथणे टाळणे एवढ्यावर पुष्कळांचा त्रास आटोक्यात राहतो. कोंब लहान असतील, तर रबर बँड लावण्याचा कमी खर्चाचा उपायही तिसऱ्या ग्रेडमध्ये कधी कधी पुरतो. एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘एका दिवसात मूळव्याध मुळासकट’ म्हणून ज्या जाहिराती असतात, त्यांच्या नादी मात्र लागू नये. तेथे टोचलेल्या इंजेक्शनांनी चिघळलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

स्टेपलरविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण बिल तेथेच फुगते. कोंबांच्या वरच्या अस्तराचा पट्टा कापून तेथे टाचण्या मारणारे हे उपकरण एकदाच वापरायचे असते आणि त्याची किंमत रुग्णाच्या बिलात येते. सुरुवातीच्या दिवसांत त्याने दुखणे कमी असते, हे खरे आहे. पण कोंब पुन्हा होण्याचे प्रमाण कोंब कापून काढण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा जास्त आहे. ब्रिटनमध्ये ७७७ रुग्णांवर झालेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांच्या हिशेबाने जुनी पद्धतच स्वस्त आणि रुग्णांना अधिक समाधान देणारी ठरली. तेव्हा ‘स्टेपलर कशासाठी, आणि साध्या पद्धतीने केल्यास किती?’ हा प्रश्न निःसंकोच विचारावा. चांगल्या सर्जनला त्याचा राग येत नाही.

आता विमा मंजूर झाला असे धरून हिशेब पाहू. अनेक पॉलिसींत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का असते. आपल्या बाबतीत ती दिवसाला दोन हजार होईल. समजा, आपण चार हजारांची खोली दोन दिवस घेतली. बिलात खोलीचे आठ हजार, सर्जन, भूल व ऑपरेशन थिएटरचे ३२ हजार, औषधे व स्टेपलरचे २५ हजार आणि हातमोज्यांसारख्या किरकोळ वस्तूंचे पाच हजार आहेत. खोली दुप्पट दराची घेतल्यामुळे कंपनी केवळ भाडेच नव्हे, तर सर्जन व थिएटरचे शुल्कही निम्मे करते; औषधे व उपकरणे या कपातीतून वगळलेली असतात आणि किरकोळ वस्तू बहुधा मिळतच नाहीत. म्हणजे चार, सोळा आणि पाच मिळून २५ हजार आपल्या खिशातून जातील. त्याच रुग्णालयात दोन हजारांची खोली घेतली असती, तर भाड्याचे चार हजार आणि कपातीचे सोळा हजार वाचून हा भार पाच हजारांवर आला असता. (आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, आपल्या पॉलिसीत मर्यादा व सहभागाची अट (मंजूर खर्चाचा ठरावीक वाटा स्वतः भरण्याची) वेगळी असू शकते.)

थांबणे शक्य नसेल, तर सार्वजनिक रुग्णालयांचा विचार करावा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. सांगलीचे सिव्हिल मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले असल्याने ते त्या निर्णयात येत नाही. तरीही तेथील शुल्क खासगी रुग्णालयाच्या मानाने नाममात्र असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काही शस्त्रक्रिया केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत, म्हणून रेशनकार्ड व आधार घेऊन आरोग्यमित्राकडे (रुग्णालयातील या योजनेच्या मदतनिसाकडे) किंवा १५५३८८ या क्रमांकावर दाखल होण्यापूर्वीच विचारणा करावी.

छाटणीचे म्हणाल, तर कापून केलेल्या ऑपरेशननंतर तीन ते चार आठवडे पंप पाठीवर घेणे किंवा ट्रॅक्टर चालवणे जमणार नाही, तेव्हा तेवढ्या मजुरीचीही तजवीज ठेवावी. सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास अचानक बरेच रक्त जाऊ शकते. तसे झाल्यास घरी न थांबता लगेच सर्जनकडे जावे, आणि त्या फेरीचीही पावती जपून ठेवावी, कारण अनेक पॉलिसींत घरी सोडल्यानंतरच्या ६० दिवसांपर्यंतचा खर्च मिळतो.