लंडनच्या पहिल्या इलेक्ट्रिक भुयारी रेल्वेचे डबे आणि इंजिनं किती होती, नंबर कसे दिले होते? १३ नंबरचं इंजिन आणि १३ नंबरचा डबा एकच का?

नाही, एकच नाही. इंजिनांचे नंबर वेगळे चालायचे आणि डब्यांचे वेगळे, त्यामुळे १३ नंबरचं इंजिन पण होतं आणि १३ नंबरचा डबा पण. तुमचा गोंधळ साहजिक आहे, माझाही झाला होता. मी रोज लोकलने जाणारा माणूस, गाडी फलाटाला लागली की डब्यावरचे आकडे वाचायची वाईट सवय आहे, त्यातून हे वेड लागलं.

ही रेल्वे म्हणजे सिटी अँड साउथ लंडन रेल्वे. स्टॉकवेल ते किंग विल्यम स्ट्रीट, सगळी मिळून ६ स्टेशनं. उद्घाटन ४ नोव्हेंबर १८९० ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झालं आणि पब्लिकसाठी १८ डिसेंबरला सुरू झाली. गंमत म्हणजे बोगदे खणायला घेतले तेव्हा गाड्या केबलने ओढायचा बेत होता, पण केबलवाली कंपनीच बुडाली म्हणून मग वीज! आणि बोगदा केवढा, तर १० फूट २ इंच व्यासाचा. पुढचं सगळं या आकड्यातून आलंय, कारण एवढ्याशा नळीत मावायचं म्हणजे डबा बुटका आणि अरुंदच होणार.

सुरुवातीला इंजिनं १४ आणि डबे ३०, नंबर सरळ १ पासून. गाडी ३ डब्यांची, म्हणजे १० गाड्यांचे डबे झाले, मग इंजिनं १४ कशाला? तर किंग विल्यम स्ट्रीटला जागाच नव्हती, गाडी आत शिरली की पुढचं इंजिन तिथेच अडकायचं, मागच्या टोकाला दुसरं इंजिन जोडून गाडी परत काढायची आणि अडकलेलं इंजिन मोकळं होऊन पुढच्या गाडीची वाट बघत थांबायचं. थोडक्यात, टोकाला एखादं इंजिन कायम जास्तीचं लागायचं, वर रिपेअरला गेलेली वेगळी. हा हिशोब माझा आहे, पण मला तरी पटतो.

आता डबे. पहिले ३० अ‍ॅशबरीच्या कारखान्यातले. एका डब्यात ३२ माणसं, दोन्ही बाजूंना लांबच लांब बाक आणि पाठीमागे जवळजवळ छतापर्यंत गादी, खिडकी म्हणाल तर अगदी वर बारीकशी काचेची पट्टी. कारण काय, तर बोगद्यात बघायला आहे काय! लोकांनी त्याला पॅडेड सेल नाव ठेवलं, म्हणजे वेड्यांना ठेवायची गादीवाली कोठडी. ३० नंबरचा डबा लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियमने जपून ठेवलाय, मी बघायला गेलो होतो, बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर नुसती समोरची गादीच येते. आपल्याकडे विंडो सीटसाठी जीव टाकणाऱ्या माणसाला तिथे दोन मिनिटांत घाम फुटेल. स्टेशन आलेलं कळणार कसं, तर डब्याच्या टोकाला उभा असलेला गेटमन नाव ओरडून सांगायचा. फर्स्ट क्लास, थर्ड क्लास भानगड नाही, सगळ्यांना सरसकट २ पेन्स. पंच नावाच्या विनोदी मासिकाने याला सार्डिन बॉक्स रेल्वे म्हटलं होतं.

म्हणून मी म्हणतो, या रेल्वेत डब्याचा नंबर हीच त्याची जन्मपत्रिका. छोटा नंबर दिसला की खिडकी नाही समजा, पुढे गर्दी वाढली, लाइन वाढली (१९०० मध्ये मूरगेट, १९०१ मध्ये एंजल, १९०७ मध्ये यूस्टन), वेगवेगळ्या कारखान्यांतून नवे डबे आले, नंबर पुढे चालू राहिले आणि वरच्या नंबरांना नीट खिडक्या आल्या. शेवटी डबे १६५ पर्यंत गेले आणि इंजिनं ५२. गाडी पण ३ वरून ५ डब्यांची झाली.

इंजिनं तशी बिचारीच होती. वजन साधारण १० टन, मोटर थेट अ‍ॅक्सलवरच बसवलेली, मध्ये गिअर वगैरे काही नाही. पॉवरहाऊस स्टॉकवेलला, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला, किंग विल्यम स्ट्रीटपर्यंत करंट पोचेस्तोवर मरगळलेला आणि तिथेच नेमका चढ. गाडी चढावर अडली की मागे घ्यायची आणि दम घेऊन परत प्रयत्न!

१९२२ ते २४ मध्ये बोगदे रुंद केले, मोटर डब्यातच असलेल्या मोठ्या गाड्या आल्या आणि हा सगळा फ्लीट बाद झाला. (आपली व्हीटी ते कुर्ला हार्बर इलेक्ट्रिक लोकल लगेच पुढच्या वर्षी, ३ फेब्रुवारी १९२५ ला सुरू झाली, आणि तिच्यात पहिल्यापासूनच वेगळं इंजिन नव्हतं.) तुमचं १३ नंबरचं इंजिन सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे. ३६ नंबरचं मूरगेट स्टेशनात शोभेला ठेवलं होतं, ते १९४० च्या बॉम्बहल्ल्यात मोडलं आणि भंगारात गेलं.