ऑफिसच्या लॅपटॉपवरचं विंडोज न हलवता बाहेरच्या एसएसडीवर उबंटू (लिनक्स) टाकता येईल का? तोच ड्राइव्ह घरच्या पीसीला लावून चालेल का?

येईल, चालेलही. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू करा, जागा विचारली की बाहेरची एसएसडी दाखवा, एवढं व्हिडिओंनी तुम्हाला सांगितलंच असेल. बूटलोडरचं, म्हणजे मशीन चालू झाल्यावर सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं, मात्र कुणी धड सांगत नाही.

मॅन्युअल पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कचे भाग स्वतः पाडायच्या, पानावर खाली विचारतात, बूटलोडर कुठे टाकू? तुम्ही इमानदारीत बाहेरचा ड्राइव्ह निवडता. युईएफआय मशीनवर, म्हणजे आजकालच्या जवळपास सगळ्या पीसींवर, उबंटूचा जुना इन्स्टॉलर, म्हणजे २२.०४ पर्यंतचा, ते ऐकतच नाही. आतल्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन (बूटलोडर ठेवायचा छोटा भाग) दिसलं की ग्रब, म्हणजे उबंटूचा बूटलोडर, तिथेच टाकतो. घरी सगळं झकास चालतं. दुसऱ्या दिवशी ऐरोलीला ऑफिसात लॅपटॉप उघडावा, ड्राइव्ह कळव्याला टेबलावर राहिलेला, आणि काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत नुसतं 'ग्रब' आणि लुकलुकणारा कर्सर. विंडोज गेलेलं नसतं. बायोसमध्ये (मशीन चालू करतानाच्या सेटिंगमध्ये) विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर आणलं की ते उठतं. पण ड्राइव्ह दुसऱ्या पीसीला लावला तर बूट होईलच याचा भरवसा नाही, कारण बूटलोडर लॅपटॉपातच राहिला.

म्हणून माझं मत ठाम आहे: इन्स्टॉल करताना आतली डिस्क काढून ठेवा. मागचं झाकण, मग आधी बॅटरीचा कनेक्टर, मग एम.२ चा, म्हणजे आतल्या पट्टीसारख्या एसएसडीचा, एकच स्क्रू; तो काढला की एसएसडी आपोआप तिरकी वर येते. आत डिस्कच नाही म्हटल्यावर 'डिस्क पुसून इन्स्टॉल करा' हा सोपा पर्यायही बिनधास्त घेता येतो. काही डेलमध्ये बायोसमधूनच डिस्क बंद करता येते. तेही नको असेल तर लाइव्ह सेशनमध्ये (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या उबंटूत) जीपार्टेड हा पार्टिशनचा प्रोग्राम उघडून आतल्या ईएफआय पार्टिशनचे 'बूट' आणि 'ईएसपी' हे फ्लॅग, म्हणजे खुणा, काढा. बाहेरच्या ड्राइव्हवर ५१२ एमबीचं फॅट३२ ईएफआय पार्टिशन आणि उरलेल्या जागेत उबंटूसाठी ईएक्सटी४ पार्टिशन करा. काम झालं की ते फ्लॅग आठवणीने परत लावा, हीच पायरी लोक विसरतात. ड्राइव्ह नावावरून नाही, आकारावरून ओळखा. 'एसडीए' हे लिनक्सने ड्राइव्हला दिलेलं नाव; तो कधी पेनड्राइव्ह असतो, कधी तुमची एसएसडी.

शेवटी बाहेरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये 'ईएफआय' फोल्डरात 'बूट' फोल्डर आणि त्यात 'बूटएक्स६४' फाइल आहे का बघा. अनोळखी पीसी तीच शोधतो. नसेल तर ग्रब-इन्स्टॉल ही कमांड 'रिमूव्हेबल' पर्यायासह पुन्हा चालवा.

'ड्रॉपडाउनमध्ये नीट निवडलं की झालं, लॅपटॉप कशाला उघडायचा' म्हणणारे आमच्याही ओळखीत आहेत. त्यांचं जमलं कारण त्यांनी ड्राइव्ह कधी काढलाच नाही.

केबलचंही बघा. फोनच्या चार्जरसोबत येणारी टाइप-सी केबल बहुतेक वेळा यूएसबी २ ची असते. एलएसयूएसबी कमांडला 'टी' पर्याय लावला की वेग दिसतो: ५०००एम किंवा जास्त हवं. ४८०एम दिसलं तर सेकंदाला चाळीसेक एमबीच मिळतील, आणि तुम्ही उबंटूला शिव्या घालत बसाल. एसएसडीऐवजी पेनड्राइव्हवरच सिस्टिम टाकायचा विचार असेल तर सोडा. बारीकसारीक फाइल्स लिहिताना तो रडतो.

हो, आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: लॅपटॉप ऑफिसचा आहे म्हणता, तर आधी आयटीवाल्यांना विचारा. बायोसला पासवर्ड असेल तर प्रश्नच मिटला. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) असेल तर रिकव्हरी की हातात असल्याशिवाय बायोसमधल्या सिक्युअर बूट या सेटिंगला हात लावू नका, नाहीतर विंडोज ४८ आकडी की मागत बसेल. आणि स्क्रू त्यांच्या परवानगीशिवाय उघडू नका. अशा वेळी घरच्या पीसीची आतली डिस्क काढून तिथेच इन्स्टॉल करा, ड्राइव्ह तोच राहतो.