वाचकांचे प्रश्न : अभियांत्रिकीचे संदर्भ ग्रंथालयातून कसे काढावेत?

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. समुद्रकाठच्या जेट्या आणि इमारती यांच्या काँक्रीटमधील सळ्या लवकर का गंजतात, हा आमच्या गटाच्या प्रकल्पाचा विषय आहे. गूगलवर शोधले की हजारो दुवे येतात. त्यांतले चांगले वाटणारे निबंध उघडायला गेले की पैसे मागतात, आणि जे फुकट मिळतात त्यांचा भरवसा वाटत नाही. मार्गदर्शक सर म्हणतात, विद्यापीठाच्या ग्रंथालयातून संदर्भ काढा. पण तेथे जाऊन नेमके काय मागायचे?
– एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : तुमच्या विषयाचे जे शीर्षक आहे ते तसेच ग्रंथपालांपुढे ठेवू नका, कारण त्या एका वाक्यात निदान चार प्रश्न दडलेले आहेत : समुद्रातले मीठ काँक्रीटच्या आत कसे शिरते, किती मीठ साचले म्हणजे सळईला गंज सुरू होतो, आपले मानक त्यासाठी काय सांगते, आणि आपल्यासारख्या किनाऱ्यावरील प्रत्यक्ष बांधकामांत काय आढळले आहे. या चारही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या प्रकारच्या साहित्यात असतात, आणि विद्यार्थ्यांचा बहुतेक वेळ वाया जातो तो चारही एकाच शोधचौकटीत शोधण्यामुळे.

मानकापासून सुरुवात करावी. आयएस ४५६ हे २००० सालचे भारतीय मानक साध्या आणि प्रबलित (सळ्या घातलेल्या) काँक्रीटसाठी आहे, आणि भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून ते विनामूल्य उतरवून घेता येते. झेरॉक्सच्या दुकानातली जुनी, दुरुस्त्या न जोडलेली प्रत वापरण्याचे आता काहीच कारण नाही. त्यात काँक्रीट कोणत्या हवामानाला तोंड देते यावरून पाच वर्ग केले आहेत. किनाऱ्यावरच्या हवेत उघडे असलेले काँक्रीट ‘तीव्र’ वर्गात येते, आणि प्रबलित कामासाठी तेथे किमान एम ३० प्रतीचे (‘एम’पुढचा आकडा जितका मोठा तितके काँक्रीट मजबूत) काँक्रीट व ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सांगितले आहे. लाटांचे तुषार अंगावर घेणारा पृष्ठभाग ‘अतितीव्र’ वर्गात जातो, तेथे एम ३५ आणि ५० मिलिमीटर. आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील घटक शेवटच्या वर्गात, म्हणजे एम ४० आणि ७५ मिलिमीटर. हे तक्ते हाताशी असले की एकाच जेटीचा खांब आणि तिच्यावरचा स्लॅब यांचे प्रश्न वेगळे आहेत हे लक्षात येते, आणि पुढचा सगळा शोध आपोआप नेमका होतो.

त्यानंतर पुस्तके. विद्यार्थी हल्ली ही पायरी सरसकट गाळतात, हे मला चुकीचे वाटते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात दशांश वर्गीकरणानुसार ६२०.१ च्या आसपास अभियांत्रिकीत वापरल्या जाणाऱ्या पदार्थांची आणि ६२४ मध्ये स्थापत्याची पुस्तके असतात. ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेत एक योग्य पुस्तक सापडले की त्याचा वर्गांक घेऊन प्रत्यक्ष कपाटापाशी जावे, कारण शेजारची पुस्तके तालिकेत शोधताना सुचलीच नसती अशी असतात. काँक्रीटच्या टिकाऊपणावरचे एक प्रकरण शांतपणे वाचले की ज्या इंग्रजी संज्ञांनी पुढे शोध घ्यायचा त्या हाती येतात. ‘रस्ट’ आणि ‘सी’ या शब्दांनी फारसे काही लागणार नाही. क्लोराइड म्हणजे मिठातला गंज आणणारा घटक; ‘क्लोराइड इनग्रेस’, ‘क्लोराइड थ्रेशोल्ड’, ‘रीइन्फोर्समेंट कोरोजन’, ‘मरीन एक्स्पोजर’ या संज्ञांनी लागेल.

आता शोधनिबंध. ग्रंथपालांना विचारा की ग्रंथालयाकडे स्कोपस किंवा कॉम्पेंडेक्स या शोधनिबंधांच्या संगणकीय सूचींपैकी काय आहे. १८८४ साली सुरू झालेल्या ‘इंजिनिअरिंग इंडेक्स’चा आजचा अवतार म्हणजे कॉम्पेंडेक्स, त्यात प्रत्येक निबंधाला ठरावीक विषयसंज्ञा जोडलेल्या असतात, म्हणून लेखकाने कोणताही शब्द वापरला असला तरी निबंध सापडतो. दोन्ही ठिकाणी शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाकावा, समानार्थी संज्ञा ‘ऑर’ने आणि वेगवेगळ्या कल्पना ‘अँड’ने जोडाव्यात, आणि पहिल्या फेरीत फक्त आढावा-निबंध मागवावेत. एक चांगला आढावा-निबंध मिळाला की त्याच्या संदर्भसूचीतून मागे जाता येते. तुमच्या विषयात असे मागे गेलात की १९८२ सालच्या कियोस्ती तुत्ती यांच्या स्वीडनमधील कामापाशी हमखास पोहोचाल : गंज सुरू होईपर्यंतचा काळ आणि गंज पसरण्याचा काळ असे आयुष्याचे दोन टप्पे मानण्याची पद्धत त्यांच्या मांडणीतून रूढ झाली. मग तेथूनच पुढे यायचे, म्हणजे त्या कामाचा उल्लेख अलीकडच्या कोणत्या निबंधांनी केला आहे ते पाहायचे. ही सोय गूगल स्कॉलरवरही विनाशुल्क आहे. मागे आणि पुढे अशा दोन्ही दिशांनी गेल्यावर तीच ती नावे पुन्हा येऊ लागली की तुमचा शोध पुरेसा झाला असे समजावे.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. या विषयावरचे पुष्कळ मूळ संशोधन उत्तर युरोपातल्या थंड समुद्रांवर झाले आहे. उष्णता वाढली की क्लोराइडचा प्रसार आणि गंजण्याचा वेग दोन्ही वाढतात, शिवाय आलटून पालटून भिजण्या-वाळण्याने मीठ आत ओढले जाते. त्यामुळे तिकडचा प्रसारगुणांक (क्लोराइड किती वेगाने आत पसरते ते सांगणारा आकडा) जसाच्या तसा उचलून मिरकरवाड्याच्या धक्क्याला लावता येत नाही. इराणचे आखात, सिंगापूर, चेन्नई अशा उष्ण किनाऱ्यांवरचे अभ्यास वेगळे काढून वाचा. चौथ्या प्रश्नासाठी, म्हणजे आपल्याकडच्या बांधकामांसाठी, ‘शोधगंगा’ पाहा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या भांडारात भारतीय विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध प्रकरणवार ठेवलेले आहेत आणि ते कोणालाही वाचता येतात. प्रबंधातील साहित्य-आढाव्याचे प्रकरण म्हणजे दुसऱ्याने कित्येक महिने खपून तयार केलेली संदर्भसूचीच असते, फक्त तिच्यातले मूळ निबंध स्वतः उघडून पाहिल्याशिवाय त्यांचा हवाला देऊ नये.

राहिला पैशांचा प्रश्न. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आणि १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तिच्यात खुली झाली. पण ती केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी आहे. तुमच्यासारखे विनाअनुदानित महाविद्यालय पहिल्या टप्प्यात तिच्याबाहेर राहते. कोकणातल्या बऱ्याच अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची अडचण नेमकी हीच आहे, आणि ‘सगळे आता फुकट झाले’ असे सांगणाऱ्यांना ती दिसत नाही. तुम्ही प्राचार्यांचे किंवा ग्रंथपालांचे पत्र घेऊन राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचण्याची परवानगी मागू शकता : मुंबई विद्यापीठाचे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय कलिन्याला आहे, आणि माणगावजवळ महामार्गावरच्या लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. बाहेरच्या वाचकाला ई-नियतकालिके आवारातील संगणकावर पाहू देतात की नाही, हे प्रत्येक ग्रंथालयाच्या नियमांवर आणि प्रकाशकाशी झालेल्या करारावर ठरते, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून विचारावे आणि हव्या असलेल्या निबंधांची यादी डीओआय क्रमांकांसह (प्रत्येक निबंधाला मिळालेला कायमचा ओळखक्रमांक) तयार ठेवावी. यादी नसताना गेलात तर दिवस शोधण्यातच संपेल. तुमचे महाविद्यालय डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचे सभासद असेल तर त्या जाळ्यातून दुसऱ्या ग्रंथालयातला निबंध तुमच्याच ग्रंथपालांमार्फत मागवता येतो; सभासदत्व असूनही कोणी मागणीच करत नाही, असेही घडते. शिवाय अनेक निबंधांची लेखकाने स्वतः ठेवलेली मुक्त प्रत असते, आणि ‘अनपेवॉल’ हे विनामूल्य साधन ब्राउझरला जोडले की ती दाखवून देते. तरीही न मिळाल्यास लेखकाला दोन ओळींचा नम्र ईमेल पाठवावा.

प्रश्न : मी पदविकाधारक अभियंता असून रस्त्यांच्या कामांवर असतो. पावसाळ्यात घाटरस्त्यांवर दरडी येतात, त्यासंबंधी व्यवस्थित वाचन करायचे आहे. शिक्षण सोडून बरीच वर्षे झाली, त्यामुळे कोणत्याही ग्रंथालयाचे लॉगिन माझ्याकडे नाही. मला काय उपलब्ध आहे?
– एक अभियंता, चिपळूण

उत्तर : आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ. रस्ते आणि वाहतुकीच्या संशोधनाची ‘ट्रिड’ ही अमेरिकेत चालवली जाणारी सूची सर्वांना खुली आहे. तिच्यात निबंधांबरोबर सरकारी अहवालही सापडतात, आणि अहवाल बहुधा पूर्ण स्वरूपात उतरवता येतात. दरडींसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ‘भूकोश’ हे संकेतस्थळ पाहावे. सर्वेक्षणाने २०१४ पासून हाती घेतलेल्या दरडप्रवणतेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे नकाशे तेथे आहेत, आणि आपल्या घाटाचा नकाशा पाहून मग निबंध वाचणे अधिक उपयोगाचे. १९३४ साली स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेसची प्रकाशने विकत घ्यावी लागतात, परंतु अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ती बहुधा असतात. माजी विद्यार्थी म्हणून आपल्या जुन्या संस्थेत विचारून पाहावे, बसून वाचायला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

शोध घेताना केरळ आणि कर्नाटकच्या किनारपट्टीवरचे जांभ्या उतारांचे अभ्यास भराभर समोर येतील. ते वाचावेत, पण त्या जांभ्याखाली कोणता खडक आहे ते आधी तपासावे. रायगड आणि रत्नागिरीत जांभ्याखाली बहुतेक ठिकाणी काळा बेसॉल्ट आहे, तर सिंधुदुर्गच्या दक्षिण भागात त्याहून पुष्कळ जुने खडक आहेत. पाणी कोठे मुरते आणि कोणत्या थरावरून माती सुटते हे त्यावर अवलंबून असल्याने एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला चालेलच असे नाही. निबंधाच्या सारांशात हे बहुधा नसते, अभ्यासक्षेत्राच्या वर्णनात असते.

प्रश्न : आमच्या तंत्रनिकेतनातील मुले हल्ली संगणकीय चॅट-सहायकाला विचारून संदर्भसूची आणतात. त्यांतील काही निबंध कोठेच सापडत नाहीत. खरे-खोटे लवकर कसे ओळखावे?
– एक अधिव्याख्याता, मालवण

उत्तर : असे सहायक खऱ्या लेखकांची नावे, खरी नियतकालिके आणि पटण्याजोगे शीर्षक जोडून अस्तित्वात नसलेला निबंध तयार करू शकतात, म्हणून नुसते नाव ओळखीचे वाटणे पुरेसे नाही. डीओआय क्रमांक doi नोंदणीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा, आणि पान उघडले तरी तेथले शीर्षक सूचीतल्या शीर्षकाशी जुळते का ते पाहावे, कारण क्रमांक खरा पण निबंध भलताच असेही होते. क्रमांक नसेल तर नियतकालिकाच्या त्या खंडाची अनुक्रमणिका उघडावी. त्याच वेळी निबंध मागे घेतलेला नाही ना, हेही पाहून घ्यावे. प्रकाशकाच्या पानावर तशी सूचना असते. माझ्या मते मुलांना सूचीसोबत प्रत्येक निबंधाचे पहिले पान आणि आपण वापरलेला आकडा किंवा विधान ज्या पानावर आहे ते पान जोडायला सांगावे.