शेवटच्या सहा दिवसांचे कागद

"मुलाचे दवाखान्याचे कागद मागितले तर पेन्शन अडेल का हो?" मुलगा लष्करात किंवा नौदलात असताना आजारपणात गेला, असे आईवडील अर्ज लिहायला माझ्यासमोर बसले की पहिल्या दहा मिनिटांत हा प्रश्न येतो. त्याच्या मागोमाग दुसरा, जरा खालच्या आवाजात: "असं मागणं बरं दिसतं का? म्हणजे आपण संशय घेतल्यासारखं होईल." मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून वर आंबोली-चौकुळपर्यंत वर्दीचा अभिमान घराघरांत आहे. म्हणूनच हे विचारतानाही लोकांना अपराधी वाटतं.

पेन्शन अडत नाही. उलट मृत्यू सेवेमुळे ओढवला किंवा आजार सेवेमुळे बळावला असं ठरलं, तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतनाचा विचार होतो, आणि ते याच वैद्यकीय कागदांवरून ठरतं. आपल्या मुलाचे शेवटचे दिवस कसे गेले हे विचारणं म्हणजे कुणावर आरोप करणं नव्हे.

पुढचं एका घराचं म्हणून सांगते. खरं तर त्यात चार-पाच घरं आहेत आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

वडील एसटीतून निवृत्त झालेले वाहक. मुलगा नौदलात खलाशी, २४ वर्षांचा, अविवाहित. मेंदूज्वराने सहा दिवस लष्करी रुग्णालयात होता. आईवडील पोहोचले तेव्हा सगळं संपलं होतं. वडिलांच्या फायलीत अकरा अर्ज होते, प्रत्येकाला पोस्टाची पावती टाचलेली. प्रत्येकात तेच वाक्य: 'माझ्या मुलाची सर्व वैद्यकीय कागदपत्रे मिळावीत व मृत्यू का झाला याचा खुलासा व्हावा.' उत्तरादाखल दोन पानांचा मृत्यू सारांश आला होता. तोही दोनदा.

"बाबा, यातलं एकच पान मिळणार असेल, तर कुठलं मागाल?"

ते बराच वेळ फायलीची दोरी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "आम्हाला फोन सकाळी अकराला आला. तेव्हा तो बेशुद्ध होता. तो गंभीर कधी झाला, ते लिहिलेलं पान."

असं पान असतं. लष्करी रुग्णालयात रुग्ण गंभीर झाला की त्याचं नाव 'एसआयएल'वर, म्हणजे गंभीर रुग्णांच्या यादीवर, आणि जिवाला धोका असेल तर 'डीआयएल'वर, म्हणजे अत्यवस्थ रुग्णांच्या यादीवर चढवतात, आणि जवळच्या नातेवाइकाला कळवण्याचा संदेश निघतो. नाव कधी चढवलं आणि संदेश कधी निघाला, या दोन्ही नोंदी नावानिशी मागता येतात. 'सर्व कागदपत्रे' म्हटलं की समोरचा हाताशी असलेला सारांश पाठवतो. 'मृत्यू का झाला' याला तर माहिती अधिकारात उत्तरच मिळत नाही. हा कायदा नोंदलेली माहिती देतो, खुलासा देत नाही.

आई तीन भेटी गप्प होत्या. चौथ्या भेटीला मी वडिलांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि तोच प्रश्न त्यांना विचारला.

"माका फायल नको," त्या म्हणाल्या. "शेवटाक तेच्या तोंडात कोणी पाणी घातल्यान काय, तेवढा सांगा."

मृत्यू सारांश, रक्ताचे रिपोर्ट, स्कॅन यांतलं काहीच याचं उत्तर देऊ शकत नव्हतं. उत्तर असलंच तर परिचारिकांच्या नोंदींत असणार होतं. दर तासा-दोन तासांनी काय दिलं, कूस कधी बदलली, तोंड कधी पुसलं. ते कागद वडिलांनी अकरा अर्जांत कधी मागितलेच नव्हते, कारण असे कागद असतात हे घरातल्या कुणाला ठाऊकच नव्हतं. 'विसरा आता, पुढे बघा' हा सल्ला मी कधीच देत नाही, आणि त्या दिवशी त्याचं कारण मला पुन्हा स्पष्ट दिसलं. शोकातला माणूस 'सगळं द्या' म्हणतो, तेव्हा आत एकच प्रश्न असतो आणि तो तोंडावर आणायची त्याला भीती वाटते. तो बाहेर आला की कुठला कागद मागायचा हेही कळतं. तेव्हापासून मी अर्जाचा मसुदा दोघांनाही वेगवेगळं विचारल्याशिवाय करत नाही.

बारावा अर्ज आईच्या नावाने केला. वडिलांना थोडं लागलं. पण हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे अविवाहित मुलाची पहिल्या वर्गातली वारस आई असते. वडील दुसऱ्या वर्गात येतात. मुलगा विवाहित असेल तर पत्नीही पहिल्या वर्गात असते. तिचं संमतिपत्र जोडलं तर पुढची अर्धी अडचण टळते. सासू-सून बोलत नसतील, तर आधी त्यावर बसावं लागतं आणि तो वेळ वाया जात नाही.

तुम्हाला कागद मागायचे असतील तर आधी साधं पत्र, शुल्काविना, रुग्णालयाच्या प्रमुखांना. त्याची प्रत सेवेचे कागद सांभाळणाऱ्या अभिलेख कार्यालयाला: नौदलाच्या खलाशांसाठी मानखुर्दचं ब्युरो ऑफ सेलर्स, मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, तोफखान्यासाठी नाशिक रोड. दुसरी प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला. सिंधुदुर्गचं ओरोसला, रायगडचं अलिबागला. तिथले कल्याण संघटक पत्रावर शिफारस देतात, ती जरूर घ्या. सेवा क्रमांक, हुद्दा, सेवापुस्तकात आहे तसंच नाव, जहाज किंवा युनिट, दाखल झाल्याची आणि मृत्यूची तारीख हे सगळं लिहा. मृत्यू सारांशाच्या वर 'ए अँड डी' (दाखल-डिस्चार्ज) क्रमांक छापलेला असेल तर तोही. नोंदवही त्याच क्रमांकाने उघडते.

कागद एकेक नावाने मागा: केस शीट (डॉक्टरांच्या नोंदी), परिचारिकांच्या नोंदी, इनटेक-आउटपुट तक्ता (शरीरात किती पाणी गेलं, किती बाहेर पडलं), औषधांचा तक्ता, प्रयोगशाळेचे रिपोर्ट, स्कॅनच्या रिपोर्टबरोबर त्याची सीडी, एसआयएल-डीआयएल नोंदी, शवविच्छेदन झालं असेल तर त्याचा अहवाल. आणि जहाजावरच्या सिक बेमधल्या, म्हणजे तिथल्या छोट्या दवाखान्यातल्या नोंदी. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात. ताप दाखल होण्याआधी किती दिवस होता, हे तिथेच लिहिलेलं असतं.

मृत्यू दाखल्यावर कारण नाही म्हणून काही लपवलं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ प्रमाणे दाखल्याच्या उताऱ्यात कारण द्यायचंच नसतं. ते डॉक्टर वेगळ्या प्रमाणपत्रात लिहितात, रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर नमुना ४ मध्ये, आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळते. मधे खासगी रुग्णालयात हलवलं असेल तर तिथे वेगळा अर्ज. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात, पण त्या जपून ठेवायची सक्ती तीनच वर्षांची आहे. तेव्हा वर्षश्राद्धापर्यंत थांबू नका.

पत्राला महिनाभरात उत्तर नाही आलं, तर माहिती अधिकार कायदा, २००५. शुल्क १० रुपये, पानामागे २ रुपये, मुदत ३० दिवस. नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. नकारात बहुधा कलम ८(१)(ञ), म्हणजे 'वैयक्तिक माहिती', असतं. विदा (डेटा) संरक्षण कायद्याने हे कलम आणखी आवळलं आहे. म्हणून अर्ज 'एक नागरिक' म्हणून करू नका, वारस म्हणून करा आणि नात्याचा पुरावा आधीच जोडा. देता येण्याजोगा भाग वेगळा काढून द्यावा यासाठी कलम १० आहे, त्याचा उल्लेख करा. मृत्यूच्या चौकशीसाठी नेमलेल्या मंडळाचे कागद हवे असतील तर त्यांचा अर्ज निराळा. दोन्ही एकत्र केले की चौकशीचं कारण पुढे करून दवाखान्याचे कागदही अडतात. लष्कर, नौदल, हवाई दल या कायद्याखाली येतात. बीएसएफ, सीआरपीएफला मात्र भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप वगळता सूट आहे. तिथल्या घरांनी दलाच्या मुख्यालयाकडे वारस म्हणून पत्रानेच मागणी करावी.

आईच्या अर्जावर ६४ पानं आली. १२८ रुपये भरल्यावर, गणपतीच्या आधल्या आठवड्यात.

पाकीट घरी उघडू नका, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. शवविच्छेदनाची पानं आम्ही न वाचता दुसऱ्या पाकिटात घातली. त्यातली भाषा अवयवांची असते. ती पहिल्यांदा वाचायची तर डॉक्टर जवळ हवा, आणि रात्री तर नकोच. उरलेली पानं ओळखीच्या एका फिजिशियनबरोबर तारखेप्रमाणे लावली आणि परिचारिकांच्या नोंदींपासून सुरुवात केली. अक्षर घाईचं, तीन पाळ्यांची तीन हस्ताक्षरं. शेवटच्या रात्रीच्या पानावर दर दोन तासांनी त्याच दोन ओळी होत्या: कूस बदलली, तोंडाची काळजी घेतली. पहाटे चारपर्यंत.

"म्हणजे काय?" आईंनी विचारलं.

"शुद्ध नसलेल्या माणसाला पाणी पाजत नाहीत, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं," डॉक्टर म्हणाले. "म्हणून ओल्या बोळ्याने ओठ, जीभ, हिरड्या ओल्या करतात. ते केलं, असं लिहिलंय."

आईंनी ते पान हातात घेतलं. वाचता येत नव्हतं, इंग्रजी होतं. मी बोटाने ओळ दाखवली, तशा त्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवत खाली उतरल्या. "ह्या कोण?" त्यांनी सहीकडे दाखवून विचारलं. सही वाचता येत नव्हती. तरी त्या तिच्याकडे बघत राहिल्या आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर मोकळेपणाने रडल्या. वडिलांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या भेटींत त्या दोघांनी एकमेकांना स्पर्श केलेला मी पाहिला नव्हता.

डीआयएलची नोंद त्या ६४ पानांत नाही. नाव कधी चढवलं हे वडिलांना अजून हवंच आहे आणि ते मागणं योग्यच आहे. पहिल्या अपिलाला अकरा दिवस उरलेत. त्यांनी मसुदा अर्ध्या पानात बसवलाय, त्यात मागणी एकाच नोंदीची आहे. गुरुवारी आई सही करायला येणार आहेत.